निकालाआधी दाद मागायची कधी? 'केस संपली असती का' या कसोटीची चिकित्सा



पेटची तयारी करणाऱ्या आणि सिनॉप्सिस लिहायला बसलेल्या बऱ्याच जणांचा एक प्रश्न नेहमी असतो: "कार्यात्मक व्याख्या म्हणजे नेमकं काय लिहायचं?" पुस्तकातलं उत्तर सोपं आहे. एखादी संकल्पना आपण कशावरून ओळखणार आणि कशी मोजणार, हे कामाला लागण्याआधीच ठरवून टाकायचं, झाली कार्यात्मक व्याख्या. पण व्याख्या फसली तर काय होतं, हे पुस्तकात सहसा सापडत नाही. म्हणून आज सर्वोच्च न्यायालयाच्या एका निकालातली व्याख्या तपासून पाहू. १९७७पासून ती देशभर वापरली जातेय. माझ्या मते ती चुकीची गोष्ट मोजते.

आधी एक खुलासा. मी वकील नाही. माझी एम.एस्सी. सांख्यिकीची आहे आणि पीएच.डी.चं काम फौजदारी खटल्यांना लागणाऱ्या वेळेवर चाललंय. त्यामुळे हा कायदेशीर सल्ला समजू नका.

या विषयाकडे मी वळले ते एका रकान्यामुळे. कायद्यात पदव्युत्तर पदवी घेतलेली माझी एक मैत्रीण आणि मी, आम्ही दोघी उच्च न्यायालयाचे आदेश वाचून एक्सेलमध्ये माहिती भरत होतो. एक रकाना होता: "आव्हान दिलेला आदेश अंतर्वर्ती आहे का? हो / नाही." दोघींनी वेगवेगळं भरायचं आणि नंतर जुळवायचं, अशी पद्धत. तारखा जुळल्या, कलमं जुळली, हा रकाना मात्र काही केल्या जुळेना. मला वाटलं, कायदा शिकलेली नसल्यामुळे मीच चुकतेय. मसुदा सरांकडे दिला. तो परत आला तेव्हा समासात पेन्सिलीने एकच ओळ होती: "दोष तुमचा की व्याख्येचा?"

आजचा लेख म्हणजे त्या ओळीला दिलेलं उत्तर.

आधी प्रश्न समजून घेऊ

फौजदारी खटला म्हणजे एकच आदेश नसतो, आदेशांची माळच असते. दंडाधिकारी समन्स काढतात, जामिनावर निर्णय होतो, आरोपी दोषमुक्तीचा अर्ज करतो, तो फेटाळला तर आरोप निश्चित होतात, मग साक्षी, उलटतपासणी, कागदपत्रांचे अर्ज आणि सगळ्यात शेवटी निकाल. यातला एखादा मधलाच आदेश आरोपीला चुकीचा वाटला तर त्याने काय करायचं? लगेच वरच्या न्यायालयात जायचं, की निकाल लागेपर्यंत थांबून शिक्षा झालीच तर अपिलात तो मुद्दा घ्यायचा?

दोन्ही बाजूंना वजन आहे. प्रत्येक आदेशावर वर जायची मुभा दिली, तर खटला पुढे सरकणारच नाही. साक्षीदार म्हातारे होतील, फिर्यादी थकून जाईल आणि पैसेवाला आरोपी तारखांवर तारखा घेत राहील. उलट मुभा अजिबात दिली नाही, तर जो खटला उभाच राहायला नको होता तो एखाद्या माणसाला पाच-दहा वर्षं झेलावा लागेल. शेवटी सुटला, तरी ती वर्षं त्याला कोण परत देणार?

आपल्या कायद्यात 'अपील' हा शब्द फार मोजून वापरलेला आहे. संहितेने किंवा दुसऱ्या कायद्याने जिथे दिलंय तिथेच अपील, एरवी नाही. मधल्या आदेशांसाठी बहुतेक वेळा पुनरीक्षण म्हणजे रिव्हिजनचा रस्ता असतो. १९७३च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत हा अधिकार कलम ३९७(१)मध्ये होता. त्याच्याच खाली ३९७(२)ने कुंपण घातलं: अंतर्वर्ती आदेशाविरुद्ध, वकिलांच्या भाषेत इंटरलोक्युटरी ऑर्डरविरुद्ध, पुनरीक्षण नाही. १ जुलै २०२४पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहिता लागू झाली. तिच्यात हीच तरतूद कलम ४३८मध्ये आहे. कलमाचा नंबर बदलला, कुंपण जागेवरच राहिलं.

गंमत अशी, की 'अंतर्वर्ती' म्हणजे काय हे ना जुन्या संहितेने सांगितलं, ना नव्या. व्याख्या करायचं काम न्यायालयांवर येऊन पडलं.

एकाच वर्षात दोन व्याख्या

१९७७मध्ये सर्वोच्च न्यायालयाचे दोन निकाल आले. जुलैमधला अमरनाथ विरुद्ध हरियाणा राज्य. पोलिसांनी ज्यांच्याविरुद्ध पुरावा नाही असं कळवलं होतं आणि ज्यांना सोडूनही दिलं होतं, त्यांच्यावर पुढे दंडाधिकाऱ्यांनी थेट समन्स काढले. हा आदेश अंतर्वर्ती आहे म्हणून उच्च न्यायालयाने दार लावून घेतलं. न्यायमूर्ती फझल अली यांनी ते उघडलं. ज्या आदेशाने आरोपीच्या हक्कांवर ठोस परिणाम होतो, तो अंतर्वर्ती नव्हे, असं त्यांनी म्हटलं. साक्षीदारांना बोलावणं, तारीख देणं, अहवाल मागवणं, जामिनाचे आदेश देणं, हे मात्र अंतर्वर्ती. यादीतला 'जामीन' हा शब्द लक्षात ठेवा. त्याच्याकडे परत यायचंय.

दुसरा निकाल ऑक्टोबरमधला, मधू लिमये विरुद्ध महाराष्ट्र राज्य. मूळचे पुण्याचे आणि बिहारमधून लोकसभेवर निवडून गेलेले समाजवादी नेते मधू लिमये यांनी सप्टेंबर १९७४मध्ये दिल्लीत पत्रकार परिषद घेतली. महाराष्ट्राचे तेव्हाचे विधी मंत्री अ. र. अंतुले यांच्यावर त्यांनी आरोप केले आणि पत्रकंही वाटली. राज्य सरकारने मुंबईच्या सत्र न्यायालयात सरकारी वकिलामार्फत बदनामीची तक्रार दाखल केली. मंत्र्याच्या सार्वजनिक कामाबद्दल बदनामी झाली असेल, तरच असा खास रस्ता वापरता येतो. लिमये यांचं म्हणणं होतं, की आपले आरोप अंतुल्यांच्या वैयक्तिक वागण्याबद्दल होते, म्हणून या न्यायालयाला असा खटला चालवताच येणार नाही. सत्र न्यायाधीशांनी हे फेटाळलं आणि आरोप निश्चित केला. लिमये उच्च न्यायालयात गेले. तिथे उत्तर मिळालं: आदेश अंतर्वर्ती, पुनरीक्षण नाही.

सर्वोच्च न्यायालयात न्यायमूर्ती उंटवालिया यांनी निकाल लिहिला. जुन्या इंग्लिश दिवाणी खटल्यांत 'अंतिम आदेश' ओळखायची एक कसोटी होती. निर्णय कोणत्याही बाजूने लागला तरी प्रकरण संपत असेल, तरच तो आदेश अंतिम. आता जे जे अंतिम नाही ते सगळं अंतर्वर्ती धरलं, तर पुनरीक्षणाचा अधिकार जवळजवळ पोकळ होतो. म्हणून उंटवालियांनी दोन्हींच्या मध्ये तिसरा वर्ग आणला: मधल्या दर्जाचे आदेश, इंटरमीजिएट. हा वर्ग ओळखायचा कसा? आरोपीने मांडलेला मुद्दा मान्य झाला असता तर कार्यवाही तिथेच संपली असती का, हे विचारायचं. 'हो' असेल तर तो मुद्दा फेटाळणारा आदेश अंतर्वर्ती नाही, दार उघडं. लिमये यांचं प्रकरण गुणवत्तेवर ऐकण्यासाठी उच्च न्यायालयाकडे परत गेलं.

तारखा एकदा डोळ्यांखालून घाला. पत्रकार परिषद सप्टेंबर १९७४मध्ये, हा निकाल ऑक्टोबर १९७७मध्ये. 'आत यायचं की नाही' एवढंच ठरवण्यात तीन वर्षं गेली!

पुढे हीच कसोटी स्थिरावली. के. के. पटेल (२०००) आणि भास्कर इंडस्ट्रीज (२००१) या निकालांनी ती आणखी सुटसुटीत केली: हरकत मान्य केल्यावर खटला संपतो का, बस्स.

कसोटीचं श्रेय तिला देऊ

चिकित्सा करायची म्हणजे नुसती झोडपायची नाही. १९७७च्या पार्श्वभूमीवर पाहिलं तर ही कसोटी मोठं काम करून गेली. तिच्याशिवाय लिमये यांना, आणि त्यांच्यानंतर कित्येकांना, उभा राहायलाच नको असलेला खटला शेवटपर्यंत लढावा लागला असता. वापरायलाही ती सोपी वाटते, कारण प्रश्न एकच आणि उत्तर हो किंवा नाही. आपल्या एक्सेलच्या रकान्याला आणखी काय हवं?

पण व्याख्या सोपी असणं वेगळं आणि बरोबर असणं वेगळं. संशोधन पद्धतीत दोन शब्द असतात: विश्वसनीयता आणि वैधता. दोन माणसांनी वेगवेगळं मोजून एकच उत्तर आलं, तर माप विश्वसनीय. आणि ज्याचं नाव दिलंय तेच मोजलं, तर माप वैध. वजनकाट्यावर उंची मोजायला गेलात, तर आकडा रोज सारखाच येईल, पण ती उंची नसेल.

या कसोटीला हे दोन्ही प्रश्न विचारून पाहू.

पहिला आक्षेप: नाव एकाचं, माप दुसऱ्याचं

कुंपणाला दार का ठेवायचं? थांबल्याने काही नुकसान असं होतं, की ते नंतर भरून निघत नाही, म्हणून. म्हणजे मोजायचं आहे नुकसान. कसोटी मात्र मोजते, आरोपी जिंकला असता तर खटला संपला असता का. या दोन गोष्टी बऱ्याचदा एकत्र येतात, नेहमी येत नाहीत.

तीन उदाहरणं घ्या.

एक, आरोप निश्चिती. दोषमुक्तीचा मुद्दा मान्य झाला असता तर खटला संपला असता. म्हणून दार उघडं.

दोन, बचावासाठी लागणारी कागदपत्रं मागवायचा किंवा साक्षीदाराला पुन्हा बोलवायचा अर्ज फेटाळला. तो मान्य झाला असता तरी खटला चालूच राहिला असता. म्हणून दार बंद. सेतुरामन विरुद्ध राजमाणिकम (२००९) या निकालात सर्वोच्च न्यायालयाने हेच सांगितलं. आता तो साक्षीदार निकालाआधी वारला, तर नंतरच्या अपिलात त्याची उलटतपासणी कशी घ्यायची?

तीन, जामीन नाकारला. जामीन मिळाला असता तरी खटला संपला नसता. म्हणून अंतर्वर्ती. माणूस तुरुंगात आहे, त्याचा प्रत्येक दिवस जातोय, आणि व्याख्येच्या दृष्टीने हा आदेश तारीख देण्याच्या आदेशाच्याच रांगेत उभा!

कायद्याचे विद्यार्थी इथे लगेच हात वर करतील: "पण जामिनासाठी पुनरीक्षण लागतंच कुठे? उच्च न्यायालयात नव्याने अर्ज करता येतो की." अगदी बरोबर. म्हणूनच एरवी या चुकीचा चटका बसत नाही. तो नवा अर्जाचा रस्ता बंद झाला तेव्हा मात्र बसला. १९८७च्या टाडा कायद्यात अंतर्वर्ती आदेशावर अपील नव्हतं. १९८८च्या उस्मानभाई मेमन विरुद्ध गुजरात राज्य या निकालात सर्वोच्च न्यायालयाने दोन गोष्टी सांगितल्या: जामिनाचा आदेश हा अंतर्वर्तीच आहे, आणि टाडाखाली उच्च न्यायालयाला जामिनाचा नेहमीचा अधिकारही वापरता येणार नाही. झालं, उच्च न्यायालयाचं दार दोन्हीकडून बंद. पुढे २००८च्या राष्ट्रीय तपास संस्था कायद्यात जामिनाच्या आदेशावर उच्च न्यायालयात अपील करता येईल, असं संसदेला वेगळं लिहावं लागलं. व्याख्येने जे बाहेर टाकलं, ते अपवाद म्हणून पुन्हा आत आणावं लागलं. तुमच्या आराखड्यात अपवादांची यादी लांबत चालली, तर थांबा आणि मूळ व्याख्या पुन्हा वाचा.

दुसरा आक्षेप: उत्तर मांडणीवर ठरतं

आता विश्वसनीयता. माझं आणि मैत्रिणीचं जुळत नव्हतं ते नेमकं इथे.

'मुद्दा मान्य झाला असता तर' हे वाक्य कल्पनेतल्या जगाबद्दल आहे. त्या जगात काय झालं असतं, हे मुद्दा कसा मांडलाय त्यावर ठरतं. समजा, तपासात एक गंभीर चूक झाली आहे. वकिलाने म्हटलं, "हा पुरावा बाजूला ठेवा." मान्य झालं तरी खटला सुरू राहील, म्हणून दार बंद. दुसऱ्या वकिलाने त्याच चुकीवर म्हटलं, "या चुकीमुळे सगळा खटलाच बेकायदा ठरतो." मान्य झालं तर खटला संपेल, म्हणून दार उघडं. चूक तीच, आरोपी तोच, नुकसानही तेवढंच. बदलली ती अर्जाची शेवटची ओळ. मैत्रीण अर्जात काय मागितलंय ते पाहून रकाना भरायची आणि मी तक्रार मुळात कशाबद्दल आहे ते पाहून. आम्ही दोघी बरोबर होतो. म्हणजेच माप चुकीचं होतं.

आणि अशी मांडणी कोणाला जमते? ज्याला चांगला वकील परवडतो त्याला. कुंपण घातलं होतं ते तारखांवर तारखा घेणाऱ्यांना अडवण्यासाठी. शब्दांवर चालणारी कसोटी नेमकं त्यांनाच आत सोडते. विधी सेवा प्राधिकरणाच्या वकिलावर अवलंबून असलेला कच्चा कैदी बाहेरच राहतो.

हा घोळ न्यायमूर्तींच्याही वाट्याला आला. १९७९च्या विशेष न्यायालय कायद्यातही अंतर्वर्ती आदेशावर अपील नव्हतं. आणीबाणीच्या काळातले माहिती व नभोवाणी मंत्री विद्याचरण शुक्ल यांच्या प्रकरणात (व्ही. सी. शुक्ला विरुद्ध राज्य, १९८०) बहुमताने ठरलं, की त्या कायद्यापुरता आरोप निश्चितीचा आदेश अंतर्वर्ती. बहुमताचा निकाल कोणी लिहिला? अमरनाथमध्ये दार उघडणाऱ्या फझल अलींनीच. त्यांनी कारण दिलं: हा खास कायदा झटपट न्यायासाठी आहे, म्हणून इथे शब्दाचा अर्थ वेगळा. कायद्याच्या दृष्टीने हे चालतं. पण आपल्या रकान्याच्या दृष्टीने बघा, तोच शब्द, तोच आदेश आणि उत्तर उलटं. म्हणजे 'अंतर्वर्ती' हा शब्द आदेशाचं वर्णन करतच नाही. 'इथे आत सोडायचं की नाही' हे आधी ठरतं आणि लेबल नंतर चिकटतं.

अंतुले यांचं प्रकरण काय सांगतं

ज्यांच्या बदनामीवरून ही कसोटी जन्माला आली, ते अंतुले १९८०मध्ये मुख्यमंत्री झाले आणि पुढे भ्रष्टाचाराच्या प्रकरणात स्वतःच आरोपी झाले. १९८४मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांचा खटला विशेष न्यायाधीशांकडून काढून थेट मुंबई उच्च न्यायालयाकडे दिला. हेतू चांगला होता, खटला लवकर निकाली निघावा. अंतुल्यांनी हरकत घेतली: कायद्याने माझा खटला विशेष न्यायाधीशांपुढेच चालला पाहिजे, तो उच्च न्यायालयात चालवून माझी अपिलाची एक पायरीच काढून घेतली. १९८८मध्ये सात न्यायमूर्तींच्या पीठाने बहुमताने ते मान्य केलं आणि स्वतःच्याच न्यायालयाचा १९८४चा आदेश मागे घेतला. खटला अजून संपलेला नव्हता.

हे प्रकरण पुनरीक्षणाच्या रस्त्याने गेलंच नव्हतं, त्यामुळे तिथे लिमये कसोटी लावायचा प्रश्न आला नाही. पण आपण कागदावर लावून बघू. अंतुल्यांचा मुद्दा मान्य झाल्यावर खटला संपतो का? नाही. तो फक्त खालच्या न्यायालयात परत जातो. म्हणजे कसोटीनुसार हा बिनमहत्त्वाचा, मधलाच मुद्दा. प्रत्यक्षात तो इतका मोठा निघाला, की सर्वोच्च न्यायालयाला आपलीच चूक दुरुस्त करावी लागली. का? कारण गमावलेली पायरी निकालानंतर परत मिळाली नसती. म्हणजे मोजायला हवं होतं ते नुकसानच.

मागचं दार आणि सहा महिने

लिमये निकालात आणखी एक गोष्ट होती. पुनरीक्षण बंद असलं तरी उच्च न्यायालयाचे अंगभूत अधिकार शाबूत आहेत, म्हणजे जुन्या संहितेचं कलम ४८२, नव्या संहितेचं ५२८. ते क्वचित वापरा, पण प्रक्रियेचा उघड गैरवापर होत असेल तर वापरा. माणुसकीच्या दृष्टीने हे चांगलंच झालं. पण परिणाम असा, की पुढच्या दारावर लेबल तपासणारा पहारेकरी आणि मागचं दार नुसतं लोटलेलं. त्यातून येणाऱ्या प्रकरणांत स्थगिती मिळाली, की खालचा खटला थांबतो.

२०१८मध्ये एशियन रिसरफेसिंग विरुद्ध सीबीआय या निकालात तीन न्यायमूर्तींनी या थांबण्यावर औषध काढलं. आरोप निश्चितीचा आदेश पूर्णपणे अंतर्वर्ती नाही, म्हणून उच्च न्यायालयाला त्यात लक्ष घालता येईल, पण क्वचितच. आणि स्थगिती सहा महिन्यांनी आपोआप उठेल, कारणं देऊन वाढवली तरच टिकेल. हा नियम दिवाणी आणि फौजदारी, दोन्ही प्रकरणांना. फेब्रुवारी २०२४मध्ये पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने (हायकोर्ट बार असोसिएशन, अलाहाबाद विरुद्ध उत्तर प्रदेश राज्य) तो रद्द केला. मुख्य निकाल न्यायमूर्ती अभय ओक यांचा. सुनावणी लांबली यात पक्षकाराचा दोष नसेल, तर त्याचं संरक्षण नुसतं कॅलेंडर उलटल्यामुळे का जावं, असा त्यामागचा विचार.

मला २०२४चा निकाल पटतो. सहा महिन्यांचा आकडा न्यायालय कशामुळे तुंबतं ते विचारतच नव्हता. तरी एक खंत राहतेच. दोन्ही निकालांनी आत आलेल्या प्रकरणांचं काय करायचं यावर खल केला. आत कोणाला घ्यायचं, ही १९७७ची कसोटी दोन्ही वेळा होती तशीच राहिली.

अमेरिकेत काय करतात?

तिथे वेगळा प्रश्न विचारतात, म्हणून तुलना उपयोगी आहे. अमेरिकेच्या संघराज्य न्यायालयांत साधारण नियम कडक आहे: अंतिम निर्णयाआधी अपील नाही. पण १९४९च्या कोहेन या दिवाणी निकालातून एक छोटा अपवाद निघाला. वादाचा मुद्दा पक्का ठरलेला हवा, तो खटल्याच्या मूळ प्रश्नापासून वेगळा हवा आणि निकालानंतरच्या अपिलात त्याची दाद लागणं अशक्य हवं. या तिसऱ्या अटीकडे बघा. ती थेट नुकसान विचारते.

त्यामुळे तिथली यादी वेगळी दिसते. जामिनाची रक्कम अवाजवी आहे, हा मुद्दा लगेच वर नेता येतो (स्टॅक विरुद्ध बॉयल, १९५१. प्रत्येकी ५० हजार डॉलरचा जामीन होता). एकाच गुन्ह्यासाठी दुसऱ्यांदा खटला चालवला जातोय, हा मुद्दाही नेता येतो (ॲबनी, १९७७), कारण दुसऱ्यांदा खटला सोसावा लागणं हेच नुकसान. खटल्याला उभं करण्यासाठी आरोपीला जबरदस्तीने औषधं द्यायचा आदेशही नेता येतो (सेल, २००३), कारण शरीरात गेलेलं औषध अपिलाने बाहेर काढता येत नाही. खटला लवकर चालवला नाही, ही तक्रार मात्र निकालानंतरच (मॅकडोनाल्ड, १९७८).

म्हणजे अमेरिकेचं सगळं बरोबर? तसंही नाही. फ्लॅनगन (१९८४) या निकालात आरोपींनी निवडलेले वकील न्यायालयाने बाजूला केले आणि तरीही दार उघडलं नाही. आधी नको त्या वकिलाबरोबर अख्खा खटला लढा, मग बघू! हे नुकसान भरून निघण्यासारखं होतं असं मला तरी वाटत नाही. आणि दार अरुंद असलं म्हणून विलंब टळतोच असंही नाही. डोनाल्ड ट्रम्प यांच्यावरच्या निवडणूक प्रकरणात डिसेंबर २०२३मध्ये खालच्या न्यायालयाने त्यांचा संरक्षणाचा दावा फेटाळला. खटला ४ मार्च २०२४ला सुरू व्हायचा होता. या एका मुद्द्यावरचं अपील १ जुलै २०२४ला निकाली निघालं, तोवर काम थांबलं. नोव्हेंबरमध्ये, निवडणुकीनंतर, प्रकरणच बंद झालं. खटला उभा राहिलाच नाही.

मग माझं म्हणणं काय?

एकाच प्रश्नावर सगळा भार टाकू नये. दोन प्रश्न वेगवेगळे विचारावेत. निकालापर्यंत थांबल्याने जे जाईल, ते शेवटचं अपील परत देऊ शकेल का? आणि आत्ताच दाद ऐकली, तर त्याची किंमत फिर्यादीला, साक्षीदारांना आणि तुरुंगातल्या सहआरोपीला किती मोजावी लागेल? पहिल्याचं उत्तर 'नाही' असेल तर दार उघडावं. दुसऱ्यावरून ठरवावं, की खालचं काम थांबवायचं की चालू ठेवूनच वर ऐकायचं. सध्या दार उघडणं आणि खटला थांबवणं या दोन गोष्टी एकाच श्वासात होतात. खरी गडबड तिथे आहे.

यावर आक्षेप येईल: "नुकसान ठरवणार कोण? प्रत्येक आरोपी म्हणेल, माझं भरून न निघणारं नुकसान होतंय." मान्य. या मापावर दोन न्यायमूर्तींचं मत वेगळं पडू शकतं. फ्लॅनगन त्याचंच उदाहरण आहे. म्हणजे वैधता वाढली तरी विश्वसनीयता आपोआप वाढत नाही. पण मतभेद योग्य प्रश्नावर होईल आणि कारणं कागदावर येतील. ती कारणं तुम्ही-आम्ही तपासू शकतो. काल्पनिक जगात खटला संपला असता का, या उत्तरात तपासण्यासारखं काही हाती लागत नाही.

तुमच्या आराखड्यासाठी

आमच्या एक्सेलचं काय झालं? तो रकाना आम्ही काढून टाकला. त्याच्या जागी तीन आले: मुद्दा मान्य झाला असता तर खटला संपला असता का, न्यायालयाने कोणतं नुकसान नोंदवलं, आणि स्थगिती दिली का. आमचे मतभेद संपले नाहीत. पण आता ते बहुतेक मधल्या रकान्यातच असतात आणि कशावरून आहेत ते दोघींना दिसतं. सरांनी मसुदा पुढे पाठवलाय.

तुम्ही आराखड्यात 'ताण', 'समाधान', 'विलंब', 'गुणवत्ता' यांपैकी काहीही मोजणार असाल, तर स्वतःला तीन गोष्टी विचारा. मी जे नाव दिलंय तेच मोजतेय का, की सोयीचं म्हणून त्याच्या शेजारचं? प्रश्नाची मांडणी बदलली तर उत्तर बदलतं का? आणि माझी व्याख्या चुकली, तर त्याची झळ कोणाला बसेल? तिसरा प्रश्न व्हायवाला कोणी विचारत नाही. पण टाडाखाली जामीन नाकारलेल्या माणसापुढे एका शब्दाच्या अर्थामुळे उच्च न्यायालयाचं दार बंद होतं, हे एकदा कळल्यावर 'कार्यात्मक व्याख्या' हा दोन गुणांचा प्रश्न वाटत नाही.

तुमच्या आराखड्यातल्या एखाद्या व्याख्येबद्दल शंका असेल तर जरूर लिहा, आपण मिळून तपासू. अभ्यासाला शुभेच्छा!